कुसुमअक्कांची हाक

माझ्या पहिल्याच रातपाळीला मी एका सुनेला तिच्या सासऱ्याला नावानं हाक मारताना ऐकलं. "बबन, थांब!" अशी. राव नाही, मामंजी नाही, निदान 'थांबा' तरी, तेही नाही. हाक एवढी खणखणीत की मशीनच्या धडधडाटातून सरळ कानात शिरली. साठीकडे झुकलेला, डोक्याला टोपी घातलेला तो माणूस जागच्या जागी थांबला, बटनावरून हात काढून वर धरला आणि "थांबलो!" म्हणून उलट ओरडला. माझ्या हातातून पुठ्ठा निसटला. शेजारी उभ्या असलेल्या बाईला मी विचारलं, "कोण हो ह्या?" ती म्हणाली, "सुपरवायझर. कुसुमअक्का." "आन ते?" "त्यांचे सासरे." मला वाटलं, नवीन आलेय म्हणून माझी थट्टा चाललीय.

मी भोंगवलीची सून. आमच्या घरात नावाचं काय प्रकरण आहे ते सांगते, म्हणजे मला बसलेला धक्का कळेल. एकदा सासऱ्यांच्या पोटात दुखायला लागलं म्हणून आम्ही दोघी, म्हणजे सासूबाई आणि मी, त्यांना भोरला दवाखान्यात घेऊन गेलो. केसपेपर काढणाऱ्यानं पेशंटचं नाव विचारलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी सासूबाईंकडे. त्यांना नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मला सासऱ्याचं. मागं रांग वाढत चाललेली, तो माणूस कावलेला, आणि आम्ही दोघी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारख्या उभ्या. शेवटी बाकावर कण्हत पडलेल्या सासऱ्यांनीच स्वतःचं नाव ओरडून सांगितलं. अशा घरातून उठून मी त्या शेडमध्ये आले होते.

शिवऱ्याजवळ हायवेच्या बाजूला आमचा कारखाना. पुठ्ठ्याची खोकी बनतात तिथं. जेवणाच्या सुट्टीत अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "घाबरलीस व्हय? सगळ्याच घाबरत्यात. आयक. हितं नाव आन काम, दोनच शब्द. बाकीची नाती गेटाबाहेर. मला बी आत कुसुमच म्हनायचं." कारणही त्यांनी सांगितलं. शेडमध्ये सगळी माणसं आसपासच्या गावांतली, कुणी ना कुणी कुणाचा तरी मामा, आप्पा, दाजी. "अहो मामा" म्हणून ओरडलं की निम्मं शेड वळून बघणार आणि ज्यानं बघायला हवं तो नेमका बघणार नाही. मी मान हलवली. अक्कांनी डबा खाली ठेवला. "मान हलवू नगंस. मान हलवल्याली मशीनला दिसत न्हाई. म्या काय सांगितलं ते तुज्या तोंडानं सांग." मला शाळेत परत बसवल्यासारखं वाटलं, पण सांगितलं.

सकाळी पाळी सुटली आणि मला त्या दिवसातला दुसरा धक्का बसला. गेटाबाहेर पाय पडताच अक्कांनी डोक्यावर पदर घेतला. बबनमामा पुढं, त्या पाच-सहा पावलं मागं. वाटेत दूध घ्यायचं होतं, तर ते त्यांनी सासऱ्यांना थेट सांगितलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज घरात दूध न्हाई वाटतं." बबनमामांनी मागं न बघता ते ऐकलं आणि डेअरीकडे वळले. रात्रभर "बबन, थांब", "बबन, उचल" म्हणून शेड दणाणून सोडणारी बाई हीच का, हे मी दोनदा तोंड बघून नक्की केलं.

अक्का मूळच्या वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या, डोंगरातल्या वस्तीवरच्या. माहेरी शेळ्या. ह्या टेकाडावरून त्या टेकाडावरच्या शेळ्यांना हाकारून तयार झालेला आवाज. अंगानं लहानखुऱ्या, पण बोलायला लागल्या की समोरचा माणूस आपोआप सरळ उभा राही. कुणाला लागेल असं मात्र त्या बोलत नसत. चूक झाली तर सगळ्यांदेखत नाही, पाण्याच्या टाकीजवळ नेऊन सांगायच्या, आणि धोका दिसला तर मात्र सगळ्यांदेखत ओरडायच्या. ह्या दोन गोष्टींची त्यांनी कधी गल्लत केली नाही.

पाळी सोपवायची त्यांची रीतही निराळी होती. सकाळच्या पाळीची माणसं आली की आमच्याकडे रीत म्हणजे रामराम, चहा झाला का, पाऊस कसाय तुमच्याकडं, आणि मग जाता जाता आठवलं तर मशीनचं. अक्का म्हणायच्या, "आदी बिघाड सांग, मग रामराम." एकदा मी सकाळच्या मुलीला हसून "बरं चाललंय सगळं" म्हटलं आणि निघाले. गोंदाच्या टाकीचा पट्टा सैल झाला होता ते मनातच राहिलं. अक्कांनी मला कारखान्याच्या बसमधून खाली उतरवलं, परत आत नेलं, आणि त्या मुलीला पट्टा हात लावून दाखवायला लावला. बस माझ्यामुळं खोळंबली. सगळ्या बायका माझ्यावर चिडल्या होत्या, पण अक्कांवर चिडायची कुणाची छाती नव्हती.

रातपाळीचं खरं दुखणं कारखान्यात नसतं, घरी असतं. रात्र जागून गेलं की घरच्यांना वाटतं, बाई आली, आता भाकऱ्या थापेल, धुणं करेल. पहिल्या पंधरवड्यात मी दिवसाला दोन-तीन तास झोपत असेन. मशीनसमोर उभ्या उभ्या डुलक्या यायला लागल्या. अक्कांच्या ते लक्षात आलं आणि एके दिवशी त्या आमच्या बसमध्ये बसून सरळ भोंगवलीला आल्या. आमच्या ओट्यावर पदर सावरून बसल्या आणि सासूबाईंना गोड आवाजात म्हणाल्या, "आत्या, तुमी राती बाराला उठून जात्यावर बसाल का?" सासूबाई म्हणाल्या, "मी कशाला बसंल? येड लागलंय का?" "मग हिची रात सकाळी सुरू व्हती. दुपारी दोनला हिला उठवणं म्हंजी तुमाला राती बाराला उठवणं हाय." मग त्यांनी स्वतः खिडकीला जुनं काळं कांबळं लावलं. मला मात्र ओरडल्या, "झोप मागून घ्यायची असती गं. कुनी ताटात वाढून देत न्हाई. तोंड हाय न्हवं तुला?"

अक्का गेल्यावर सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "बाई हाय का फौजदार!" मी त्या भरात बोलून गेले की ह्या सासऱ्यालाही नावानं हाक मारतात. सासूबाईंचा चेहरा असा झाला की बघायला नको. "अगं बाई! आन तू असल्या बाईच्या हाताखाली काम करतीस?" त्या दिवसापासून घरात अक्कांचं नाव निघालं की त्या उठून आत जायच्या. कांबळं मात्र खिडकीवर राहिलं.

पहाटेच्या आधीची वेळ सगळ्यात वाईट. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. त्या वेळी अक्का शेडमध्ये फिरत एकेकाचं नाव घ्यायच्या आणि त्यानं "जागा" किंवा "जागी" म्हणायचं, आणि पुढं स्वतःच्या मनानं एक वाक्य बोलायचं. काहीही. "आमची म्हैस व्यायली." "आज डब्यात कारलं हाय." वाक्य जुळलं नाही तर त्याला मशीनवरून काढून बाहेर तोंड धुवायला पाठवायच्या. ह्यात आम्हाला एकमेकांच्या घरची एवढी माहिती झाली की सांगता सोय नाही.

अक्कांच्या नवऱ्याला, संतोषला, उजवा हात नव्हता. मनगटापासून गेलेला. शिवऱ्याच्या सर्व्हिस रोडवर त्याची चहाची टपरी होती. डाव्या हातानं तो असा चहा गाळायचा की बघत राहावं. अक्का, संतोष आणि बबनमामा तिघंही आधी दुसऱ्या एका लहान कारखान्यात होते, तो आता बंद पडला आहे. तिथं एका रात्री मशीन आपोआप सुरू झालं आणि संतोषचा हात त्यात गेला, वायरिंगचा दोष होता, असं मालकानं सांगितलेलं. आम्हा सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं. संतोषही तेच सांगायचा.

आता ज्ञानोबा आप्पांचं. हे माझे चुलत सासरे, गावात मान असलेले, भजनात पुढं बसणारे. आमच्याच पाळीत डाय मशीनवर होते. डाय मशीन म्हणजे पुठ्ठा कापणारा लोखंडी जबडाच. बटन दाबलं की मिटतो. एका रात्री पुठ्ठा अडकला आणि फिटर पलीकडून वाकून तो काढत होता. आप्पांना अलीकडून तो दिसत नव्हता. त्यांचं बोट बटनाकडे गेलेलं मी बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "ज्ञानू, थांब!"

आप्पा थांबले. फिटरनं त्याच्या आधीच हात बाहेर काढला होता, असं मागून कळलं. म्हणजे काहीच घडलं नाही. आणि काहीच घडलं नाही हेच अंगाशी आलं. आप्पा म्हणायला लागले, काय कारण होतं? चार लोकांत घरच्या सुनेनं ज्ञानू म्हणावं, तेही एकेरी? त्यांनी आणखी तीन-चार वडीलधाऱ्यांना गोळा केलं आणि मॅनेजरसाहेबांकडे अर्ज दिला की कुसुम सुपरवायझर बायकांना मोठ्या माणसांचा अपमान करायला शिकवते, तिला रातपाळीवरून काढा.

साहेब नवीन होते, स्वभावानं मऊ. दुपारी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. मीही होते, कारण ओरडले मी होते. साहेब म्हणाले, "कुसुमताई, वाद कशाला? तुम्ही आणि ह्यांनी दोघींनी सॉरी म्हणा, उद्यापासून काका, मामा म्हणत जा. नाहीतर मला रातपाळी दुसऱ्याकडे द्यावी लागेल." अक्का शांतपणे म्हणाल्या, "मला काढा सायेब. हिचं बी सॉरी म्या म्हनते. पन त्यो नियम काढू नका." साहेब म्हणाले, नियमावरच तर तक्रार आहे. मग त्यांनी बबनमामांकडे बघितलं. "तुम्ही सांगा. तुमची सून तुम्हाला सगळ्यांसमोर अशी हाक मारते, तुम्हाला कसं वाटतं?"

बबनमामा दाराशी उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "सायेब, ही अट हिची न्हाई. माजी हाय. ह्या कारखान्यात आल्या दिवशी म्याच हिला सांगितलं, मला नावानं हाक मारायची, न्हाईतर मी मशीनवर हुबा ऱ्हानार न्हाई."

"पण का?" साहेबांनी विचारलं.

"माज्या पोराचा हात मशीननं न्हाई घेतला. म्या घेतला."

अक्का एकदम ओरडल्या, "मामंजी!" कारखान्याच्या आवारात त्यांच्या तोंडून मी हा शब्द कधी ऐकला नव्हता. "मामंजी, बास करा. तुमच्या लेकाला ठाव न्हाई."

पण मामा थांबले नाहीत. "ऑपरेटर पानी प्यायला गेलता. मुकादम म्हनला, बबन, एक बटन मार. म्या गेलो. पोरगं पलीकडनं पुठ्ठा काढतंय, मला दिसत न्हवतं. हिला दिसत व्हतं. ही मधीच हुबी. हिला त्याचा हात बी दिसत व्हता आन माजं बोट बी. आता सांगा, हिनं कुनाला हाक मारायची? त्यो नवरा, मी सासरा. दोगांचं बी नाव हिच्या तोंडाला बंद. कुनी बंद केलं? आमीच की. अहो, अहो करत पळत आली, माजी बाही धरली. तवर बटन दाबून झालं व्हतं. मालकानं वायरिंगचं सांगितलं, आन आमी दोगांनी बी त्येच धरून ठेवलं." ते आप्पांकडे वळले. "ज्ञानोबा, तुला सुनंनं थांब म्हनलं म्हनून तुजा अपमान झाला. मला कुनी म्हनलं असतं तर मी पाया पडलो असतो रं."

अक्का भिंतीला टेकल्या आणि हळूहळू खाली बसल्या. मला इतका धक्का बसला होता की त्यांना हात द्यायचंही सुचलं नाही. ज्याच्या बोटानं नवऱ्याचा हात गेला, त्याच सासऱ्याला ही बाई रोज रात्री "थांब" म्हणून ओरडत होती, आणि ते ऐकायला मिळावं म्हणून तो माणूस रोज मशीनसमोर उभा राहत होता. दिवसा दोघं त्याच घरात संतोषच्या ताटाला ताट लावून जेवत होते. आप्पांनी टेबलावरचा अर्ज उचलला, घडी करून खिशात घातला आणि बाहेर गेले. साहेबांनी पुन्हा सॉरीचं नाव काढलं नाही. नियम राहिला. अक्कांची रातपाळीही राहिली. पण अक्का उठेनात.

अशी बातमी कुणी सांगावी लागत नाही. संध्याकाळच्या चहालाच ती संतोषच्या टपरीवर पोचली. त्यानं टपरी बंद केली एवढं आम्हाला कळलं. त्या रात्री बबनमामा कामावर आले नाहीत. अक्का आल्या. डोळे सुजलेले, आवाज तोच. सगळ्यांची नावं घेतली, सगळ्यांकडून वाक्य बोलवून घेतलं. त्यांना स्वतःला वाक्य बोलायला कुणी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

सकाळी पाळी सोपवून त्या गेटाबाहेरच्या कट्ट्यावर बसल्या. घरी जायला पाय निघत नव्हता. मी जवळ गेले. विचारलं, "मामांना फार बोलले का?"

"बापाला एक अक्षर बोलले न्हाईत," अक्का म्हणाल्या. "मला बोलले. म्हनले, आख्ख्या शिवऱ्याला तुजा आवाज ठाव हाय. मग तवा का न्हाई वरडलीस? माजा हात गेला."

ज्या घरानं हिचं तोंड बंद केलं, तेच घर हिला विचारत होतं की तू तोंड का उघडलं नाहीस. मला संताप आला, रडू आलं. "मग तुमी काय म्हनलात?"

"म्हनलं, वरडल्यालं चालतंय ह्ये तवा मला कुनी सांगितलंच न्हवतं. तुमी बी न्हाई." त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

पुढं अक्का फार दिवस आमच्याकडं राहिल्या नाहीत. संतोषनं टपरी उचलली, नवरा-बायकोचं बिऱ्हाड दूर दुसऱ्या कारखान्याच्या आसऱ्याला गेलं. अक्का तिथंही रातपाळीलाच आहेत. बबनमामा वरती वस्तीवर अक्कांच्या भावाकडे शेळ्या राखतात. फोनवर मी विचारते, बाप-लेक बोलतात का? अक्का म्हणतात, "सणाला येत्यात. जेवायला एका पंगतीला बसत्यात. अजून बोलत न्हाईत." मग विषय बदलून मला विचारतात, झोप नीट होते का म्हणून.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. मी घरी आले तेव्हा नवरा गॅरेजला जायच्या गडबडीत चहा पीत होता. सारोळ्याला टेम्पो दुरुस्तीचं काम करतो तो. सासूबाई सुपात शेंगा घेऊन बसल्या होत्या. मी दाराशीच उभी राहून सगळं सांगितलं, एका दमात, काही न गाळता. अक्कांचं नाव निघूनही सासूबाई उठून आत गेल्या नाहीत. सांगून झाल्यावर मी त्यांना विचारलं, "आत्या, उद्या हे टेम्पोखाली असले आन जॅक सरकायला लागला, तर म्या काय म्हनून वरडू?"

नवरा हसला. "सकाळी सकाळी काय बी इचारतीस."

"तू गप रं," सासूबाई त्याला म्हणाल्या. सूप बाजूला ठेवलं. कितीतरी वेळ त्या त्याच्या हातांकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "नावानं वरड. आत्ता वरड, माज्यासमोर."

शेडमध्ये ज्ञानू म्हणून ओरडणारी मी, इथं मात्र कसंबसं "महेश" म्हटलं, ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

सासूबाई उठून माझ्या अगदी जवळ आल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज चढला होता. "असं न्हाई. टेम्पोखाली ऐकू जाईल असं."

मी सगळा जीव एकवटून ओरडले. शेजारची दोन दारं उघडली, आणि महेश चहाचा कप टाकून उभा राहिला.